परमिट रूममधील व्याख्याने बंद पाडू नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला असलेल्या एका परमिट रूममध्ये गेल्या काही महिन्यांपासून दर महिन्याच्या एका संध्याकाळी विज्ञान आणि इतिहास यांतील काहीशा चमत्कारिक विषयांवर अर्ध्या तासाचे व्याख्यान होते आणि त्यानंतर बराच वेळ प्रश्नोत्तरे चालतात. या उपक्रमावर टीका करणारी काही पत्रे आपल्या स्तंभात नुकतीच प्रसिद्ध झाली. विद्येची जागा गुत्त्यात नाही, असे विषय म्हणजे निव्वळ टवाळकी आहे आणि ज्यांना व्याख्याने द्यायची असतील त्यांनी सभागृह घ्यावे, असा त्या पत्रांचा एकूण रोख होता. जिल्ह्यातील शाळांत विज्ञान शिकवण्यात माझी सारी नोकरी झाली आणि यांपैकी बहुतेक संध्याकाळी मी श्रोता म्हणून उपस्थित होतो. त्यामुळे तेथे प्रत्यक्षात काय घडते हे वाचकांपुढे ठेवणे मला आवश्यक वाटते. हा उपक्रम बंद पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण मद्याशी निगडित नसून त्या खोलीत श्रोत्याला मिळणाऱ्या वागणुकीशी निगडित आहे.

विजयदुर्गाचे उदाहरण घेतो. सूर्यावरील हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, १८ ऑगस्ट १८६८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने किल्ल्यावरील ‘साहेबाच्या ओट्यां’वर दुर्बीण लावली आणि तेथूनच त्याला ते नवे मूलद्रव्य दिसले, ही कथा आपल्या कोकणात वर्षानुवर्षे सांगितली जाते. मी ती शाळेच्या कार्यक्रमांत ऐकली आहे, स्मरणिकांत वाचली आहे आणि सभागृहांतून मान्यवर वक्त्यांच्या तोंडूनही ऐकली आहे. हार, शाल आणि श्रीफळ यांच्या त्या वातावरणात तिच्यावर कोणी शंका घेतल्याचे मला आठवत नाही. परमिट रूममधील व्याख्यानात मात्र वक्त्याने १८६८ च्या ग्रहणाची माहिती देताना फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन हे गुंटूर येथे होते असे सांगितले, तेव्हा मागच्या टेबलावरील एका रिक्षाचालकाने सरळ विचारले, “मग त्या दिवशी लॉकियर कुठे होते?”

प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर इतिहासात उपलब्ध आहे. त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हते, ते इंग्लंडमध्ये होते. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांचा वर्णपट ग्रहण नसतानाही पाहता येतो हे जानसेन यांनी गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी दाखवले. लॉकियर यांनी तीच गोष्ट स्वतंत्रपणे २० ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमध्ये साध्य केली आणि दोघांचे अहवाल पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आले. त्या वर्णपटातील पिवळी रेषा सोडियमच्या परिचित जोडरेषेच्या अगदी शेजारी, पण तिच्याहून वेगळ्या जागी पडते, हे लॉकियर यांच्या ध्यानात आले आणि त्यातून पृथ्वीवर तोवर कोणालाही न सापडलेल्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली. विल्यम रॅमसे यांना ते युरेनियमयुक्त खनिजातून प्रत्यक्ष मिळाले ते १८९५ साली. मग विजयदुर्गाचे काय? विजयदुर्गाचा वाटा खरा आहे, पण तो तीस वर्षांनंतरचा आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर स्वतः विजयदुर्गला आले होते आणि ‘मेल्पोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील नौसैनिकांना शिकवून तयार करून त्यांच्याकडून निरीक्षणाची कामे करून घेतली होती. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटे टिकणार असल्यामुळे कोणी कोणत्या क्षणी काय करायचे याची पूर्वतयारी आवश्यकच होती. १८६८ च्या ग्रहणाची सावलीही कोकणपट्टीवरूनच गेली होती, त्यामुळे दोन ग्रहणांची सरमिसळ का झाली असावी हे समजण्यासारखे आहे.

ही दुरुस्ती ऐकून त्या खोलीत कोणीही हिरमुसले नाही, उलट चर्चा रंगली. जगप्रसिद्ध ‘नेचर’ या साप्ताहिकाचा संस्थापक संपादक आपल्या किल्ल्यावर येतो, जहाजावरील खलाशांना घेऊन तेथे वेधशाळा उभी करतो आणि दोन मिनिटांच्या अंधारासाठी एवढा खटाटोप करतो, ही खरी हकीकत मला खोट्या हकिकतीपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. विजयदुर्गाच्या अभिमानाला तिने काही उणेपणा येत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, जी गोष्ट आम्ही शिक्षक, वक्ते आणि आयोजक मंडळी इतकी वर्षे तपासू शकलो नाही, ती एका प्रश्नाने तपासली गेली. तो प्रश्न विचारणाऱ्या माणसाने सभागृहात हात वर केला असता की नाही, याविषयी मला दाट शंका आहे.

दुसरी संध्याकाळ भूचुंबकत्वाची होती. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम आणण्याचे ठरले तेव्हा त्या प्रवाहामुळे नोंदी बिघडतील हे ओळखून चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवण्यात आली. तेथील काम १९०४ साली सुरू झाले, इमारती लोखंड टाळून बांधण्यात आल्या आणि जुन्या-नव्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवण्यात आले. अलिबागला सहलीसाठी जाणाऱ्या किती लोकांना हे ठाऊक असते? त्याच मालिकेतील कुलाब्याची एक जुनी नोंद आज जगभर अभ्यासली जाते. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर झालेला तेजस्वी उद्रेक पाहिला आणि त्यानंतर एक दिवसही उलटण्यापूर्वी पृथ्वीवर असे चुंबकीय वादळ आले की, युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली आणि काही तारा तर बॅटरी काढून टाकल्यावरही चालत राहिल्या. कुलाब्याला त्या वेळी चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) घट नोंदवली गेली. भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका गटाने २००३ साली या नोंदीच्या आधारे त्या वादळाची तीव्रता नव्याने मांडली.

हे ऐकून मिरकरवाड्यातील एका वयस्क तांडेलाने विचारले की, ट्राममुळे वेधशाळेची सुई बिघडत असेल तर आमच्या लोखंडी इंजिनाच्या बोटीवरचे होकायंत्र खरे कसे मानायचे. वक्त्याने जहाजाच्या लोखंडामुळे पडणारा फरक, तो दिशेनुसार कसा बदलतो आणि तो कसा दुरुस्त करतात हे समजावून सांगितले. त्यावर तांडेलाने बंदराच्या तोंडाशी असलेल्या ओळखीच्या खुणांवर बोट धरून आपल्या होकायंत्राचा फरक आपण कसा ताडतो, याचे असे सविस्तर वर्णन केले की वक्ता वही काढून लिहू लागला. माझ्या सबंध नोकरीत विज्ञानाचा असा तास मी क्वचितच अनुभवला आहे. पुढे देवाचे गोठणे येथील कातळशिल्पाचा विषय निघाला, कारण त्या शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते हे तेथे जाऊन आलेल्या अनेकांनी पाहिले आहे आणि जांभ्यातील लोहाचे चुंबकत्व हा विषय त्या संध्याकाळशी अगदी जुळून आला.

कातळशिल्पांचाच विचार केला तर बिनऔपचारिक बोलण्याचे महत्त्व आणखी स्पष्ट होते. रत्नागिरी आणि राजापूर परिसरातील सड्यांवरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवरची, शिल्पे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून, ग्रामस्थांशी आणि गुराख्यांशी बोलून मोठ्या संख्येने प्रकाशात आणली. उक्षी, कशेळी, बारसू, कुडोपी ही नावे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यामागे अशा असंख्य गप्पा आहेत. सड्यावर गुरे नेणाऱ्या माणसाला जे माहीत होते ते विचारणारा कोणी भेटेपर्यंत विद्वानांना माहीत नव्हते. म्हणून ज्या ठिकाणी अभ्यासक आणि असा माणूस एका टेबलाशी बसतात, ते ठिकाण मला परके वाटत नाही.

विषय टवाळकीचे असतात, या आक्षेपाचा विचार मी गांभीर्याने केला आहे. एका संध्याकाळचा विषय होता, बिअर बनवण्याच्या धंद्याने विज्ञानाला काय दिले. शीर्षक ऐकून मलाही हा विषय त्या जागेला खूश करण्यासाठी निवडला असावा असे वाटले असते, परंतु त्यात आलेल्या गोष्टी अशा होत्या. डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणारे विल्यम गॉसेट यांना बार्लीच्या आणि इतर कच्च्या मालाच्या थोड्याच नमुन्यांवरून खात्रीचा निष्कर्ष कसा काढावा हा प्रश्न रोज पडत असे. त्यांनी शोधलेली रीत १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाली, कारण कंपनी आपल्या माणसांना स्वतःच्या नावाने लिहू देत नव्हती. आज दापोलीच्या कृषी विद्यापीठात काय किंवा वैद्यकीय संशोधनात काय, मोजक्या नमुन्यांची तुलना करायची वेळ आली की हीच टी-चाचणी हाताशी असते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ साली आम्लता मोजण्यासाठी जी मोजपट्टी मांडली, तीच आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर ‘सामू’ म्हणून छापलेली असते. कोकणातील जांभ्याची माती आम्लधर्मी असल्यामुळे येथील बागायतदाराला त्या आकड्याशी रोजचे देणे-घेणे आहे.

त्या बोलण्यातून नीरेचा विषय निघाला. ज्यांच्या घरी माडी काढण्याचा धंदा होता असे एक गृहस्थ उठून म्हणाले की, नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात आणि ते पहाटे उतरवतात, नाहीतर उन्हे वर येईपर्यंत तिची माडी झालेली असते. चुन्याने सामू वाढतो आणि गोड रसात शिरलेल्या किण्वांना (यीस्टला) आपले काम करता येत नाही, हे स्पष्टीकरण वक्त्याने दिले. सोरेन्सन यांची मोजपट्टी आणि माडावरचे मडके यांची सांगड अशी घातली गेली तेव्हा तेथे बसलेल्या कोणालाही ती टवाळकी वाटली नसेल. विषयाचे दार लहान असले तरी आतले घर केवढे आहे हे पाहून मग मत द्यावे.

अशा संध्याकाळी ही काही आपल्याकडे अचानक उपटलेली टूम नव्हे. इंग्लंडमधील लीड्स शहरात १९९८ साली डंकन डॅलस यांनी कॅफेत बसून विज्ञानावर बोलण्याचा उपक्रम सुरू केला आणि तो अनेक देशांत पसरला. अमेरिकेत बॉस्टनमधील एका बारमध्ये २००३ साली ‘नर्ड नाइट’ या नावाने अशाच संध्याकाळी सुरू झाल्या. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तोही लोकांना शाळेबाहेर ज्ञान मिळावे म्हणूनच. त्या परंपरेविषयी मला अतिशय आदर आहे. तथापि आज आपल्या जिल्ह्यातील बहुतेक व्याख्यानांचे स्वरूप काय झाले आहे, याकडे डोळेझाक करून चालणार नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, वक्त्याचा परिचय, सत्कार आणि अध्यक्षीय समारोप यांत दीड तास जातो आणि प्रश्नांसाठी ‘वेळेअभावी’ जागा उरत नाही. मागच्या रांगांतील माणूस पुढे येऊन माइक मागेल अशी तेथे रचनाच नसते. पाहुण्यांच्या खुर्च्या व्यासपीठावर आणि श्रोते खाली, हा मामला मोडायला कोणी तयार नाही. परमिट रूममध्ये वक्ता उभा राहतो आणि मालक टीव्ही बंद करतो, एवढीच काय ती औपचारिकता.

आता मद्याचा मुद्दा. ज्या घरांत दारूने संसाराची वाताहत झाली आहे त्या घरांतील लोकांना या जागेचा राग येणे स्वाभाविक आहे आणि त्यांच्या भावनेला टवाळखोर उत्तर देणे मला मान्य नाही. ज्या पत्रलेखिकेने आपल्या कुटुंबातील अनुभव लिहिला, त्यांच्या पत्रातील एकही ओळ मला चुकीची वाटत नाही. म्हणूनच व्याख्यान आणि प्रश्नोत्तरे चालू असताना मद्य देऊ नये, कोकम सरबत, सोलकढी, चहा आणि खाण्याचे पदार्थ तेवढे द्यावेत, अशी सूचना मी मालकांना केली आहे आणि ती येथे जाहीरपणे पुन्हा करतो. माझ्या पाहण्यात बहुतेक श्रोते तसेही सरबतच घेऊन बसतात. विज्ञान समजण्यासाठी पेल्याची गरज असते असा दावा कोणी करत असेल तर तो चुकीचा आहे. गरज आहे ती सैल बसण्याची, मध्येच थांबवून विचारण्याची आणि आपल्या अज्ञानाबद्दल कोणी हसणार नाही या खात्रीची.

यापेक्षा गंभीर त्रुटी अशी की, या जागेमुळे शहरातील निम्म्याहून अधिक लोक आपोआप बाहेर राहतात. स्त्रिया अगदी मोजक्या येतात आणि ज्या येतात त्या एकट्या येत नाहीत. राज्याच्या कायद्यानुसार सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे ही वयाची अट असल्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अशा जागी बोलावणे योग्यही नाही. ज्या विद्यार्थिनीला कॅरिंग्टनच्या वादळाची गोष्ट ऐकून पुढे भौतिकशास्त्राकडे वळावेसे वाटले असते तिला ती संध्याकाळ मिळालीच नाही, याची मला मनापासून खंत वाटते. परंतु यावरील उपाय म्हणजे चालू असलेले बंद करणे नव्हे. तेच व्याख्यान, त्याच वक्त्याने, पुढच्या रविवारी सकाळी वाचनालयात द्यावे. १८२८ सालापासूनच्या नगर वाचनालयाचा वारसा असलेल्या शहराला एवढे जड जाऊ नये. अट एकच असावी की तेथेही व्यासपीठ नसावे, खुर्च्या गोलाकार मांडाव्यात, सत्कार नसावा आणि निम्मा वेळ प्रश्नांसाठी राखून ठेवावा. नाटे, साखरी नाटे, जयगड, हर्णै येथील बंदरांवर मासळी उतरून झाल्यावरच्या निवांत वेळीही अशी बैठक होऊ शकेल.

संयोजकांनाही काही सांगणे आहे. सगळ्याच संध्याकाळी सारख्या चांगल्या झालेल्या नाहीत. एका वक्त्याने इंग्रजीत लिहिलेली असंख्य चित्रे पडद्यावर भराभर पुढे सरकवली आणि निम्मे श्रोते जेवण मागवू लागले, त्यात श्रोत्यांचा दोष नव्हता. व्याख्यान मराठीतच असावे, पडद्यावरील मजकूरही मराठीत असावा आणि वक्त्याला मालवणी किंवा संगमेश्वरी बोली येत असेल तर तिचा संकोच बाळगू नये. दुसरे असे की चमत्कारिक गोष्टींच्या ओढीने मोबाईलवर फिरणारी बनावट माहितीही व्याख्यानात शिरू शकते. विजयदुर्गाची कथा ज्या कसोटीला लावली त्याच कसोटीला प्रत्येक नवी कथा लावली पाहिजे. वक्त्याने आपले विधान कोणत्या नोंदीवर आधारलेले आहे हे सांगावे, ते सांगता येत नसेल तर तशी स्पष्ट कबुली द्यावी, आणि पुढच्या बैठकीत आधीच्या बैठकीतील चुकांची दुरुस्ती वाचून दाखवावी. थिबा राजाविषयी तर आपल्या शहरात इतक्या दंतकथा आहेत की ब्रह्मदेशातून १८८६ साली येथे आणलेल्या आणि १९१६ साली येथेच मरण पावलेल्या त्या राजाच्या वास्तव्यावर एक संपूर्ण संध्याकाळ कागदपत्रांसह घ्यायला हवी.

आपल्या दैनिकाला माझी विनंती अशी की, या व्याख्यानांची तारीख आणि विषय ‘शहरातील कार्यक्रम’ या सदरात द्यावेत आणि शक्य झाल्यास श्रोत्यांनी विचारलेले दोन-तीन निवडक प्रश्न उत्तरांसह छापावेत. पुढील एका बैठकीसाठी राजापूरच्या गंगेचा विषय सुचवण्यात आला आहे. उन्हाळे येथील चौदा कुंडांत साधारणपणे दर तीन वर्षांनी पाणी प्रकटते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी नाहीसे होते. जमिनीखालील पोकळीत नैसर्गिक वक्रनलिका (सायफन) असावी आणि पाणी ठरावीक पातळीला आले की ती वाहू लागत असावी, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते पारखायचे तर गंगा कोणत्या दिवशी आली, किती काळ राहिली आणि त्या वर्षी पाऊस किती झाला होता, याच्या जास्तीत जास्त जुन्या नोंदी हव्यात. राजापूर परिसरातील ज्या कुटुंबांकडे अशा तारखा जुन्या वह्यांत, पंचांगांच्या समासांत किंवा पत्रांत लिहून ठेवलेल्या असतील, त्यांनी त्यांच्या प्रती आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवाव्यात. त्या एकत्र करून बैठकीपूर्वी तक्ता तयार करण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
रत्नागिरी